मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता पुढचे सहा आठवडे काय?

फॅमिली ग्रुपवर एक फोटो येतो. आजी किंवा आजोबा खुर्चीत बसलेले, डोळ्यांवर भलामोठा काळा गॉगल, खाली कॅप्शन: 'ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं.' मग हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते, एखादा भाचा 'एकदम हिरो' असं टाकतो आणि विषय संपतो.

विषय खरं तर तिथून सुरू होतो. मोतीबिंदूचं नेहमीचं ऑपरेशन साधारण १५ ते २० मिनिटांत आटपतं. पेशंट बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येतो. पण डोळा पूर्ण बरा व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तो सगळा काळ डॉक्टर नव्हे, घरचे लोक सांभाळत असतात. हातात असते एक पिशवी. तिच्यात दोन-तीन छोट्या बाटल्या, भोकं असलेली प्लॅस्टिकची वाटी, चिकटपट्टी आणि एक कागद. कागदावरचं अक्षर बहुधा इंग्रजी, आणि ज्यांच्यासाठी तो लिहिलाय त्यांना पुढचे काही दिवस धड वाचता येणार नाही.

मग प्रश्न सुरू होतात. डोकं कधी धुवायचं? टीव्ही चालेल का? वांगं खायचं की नाही? डोळा दुखतोय, हे नॉर्मल आहे का? यातल्या काही प्रश्नांचं उत्तर चुकलं तरी काहीच बिघडत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं, तर मात्र डोळा जाऊ शकतो. म्हणून कशाची काळजी करायची आणि कशाची नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

(इथली माहिती नेहमीच्या, गुंतागुंत न झालेल्या ऑपरेशनबद्दल आहे. तुमच्या डॉक्टरांनी कागदावर वेगळं काही लिहिलं असेल, तर तो कागद या लेखापेक्षा मोठा.)

हा विषय एवढा महत्त्वाचा का?

भारतात २०१५ ते २०१९ या काळात अंधत्वाचं एक राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण त्यात मोतीबिंदूच निघालं, सुमारे ६६ टक्के. हे अपेक्षितच होतं. पण त्याच यादीत आणखी एक कारण आहे, ज्याची फारशी बातमी झाली नाही: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उद्भवलेली गुंतागुंत. तिचा वाटा होता सुमारे ७ टक्के, म्हणजे काचबिंदूपेक्षाही थोडा जास्त.

हा आकडा वाचून ऑपरेशनलाच घाबरायचं कारण नाही. देशात दर वर्षी लाखो लोकांचे मोतीबिंदू काढले जातात आणि त्यातल्या बहुतेकांना पुन्हा स्वच्छ दिसू लागतं. गुंतागुंतीची सगळी कारणं घरात घडतात असंही नाही. काही ऑपरेशनच्या टेबलावरची असतात, काही डोळ्याच्या आधीच्या आजारांची. पण जो भाग आपल्या हातात आहे, तो याच सहा आठवड्यांचा.

डोळ्यात नक्की केलंय काय?

हे समजलं की निम्मी पथ्यं आपोआप समजतात.

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असतं. वयानुसार ते गढूळ होतं, त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. हे भिंग एका अतिशय पातळ पारदर्शक पिशवीत बसलेलं असतं. सर्जन त्या पिशवीचं पुढचं तोंड उघडतात, आतलं गढूळ भिंग काढतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम लेन्स बसवतात. पिशवीची मागची बाजू तशीच ठेवतात. (ही मागची बाजू लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.)

आत जायला रस्ता हवा, म्हणून डोळ्याला छेद द्यावा लागतो. 'फेको' पद्धतीत तो साधारण अडीच ते तीन मिलिमीटरचा असतो. सरकारी रुग्णालयांत आणि शिबिरांत जी दुसरी पद्धत खूप वापरतात, तिच्यात छेद त्याच्या दुपटीहून थोडा मोठा असतो. दोन्ही पद्धतींत सहसा टाके नसतात. 'बिनटाक्याचं ऑपरेशन' हे शब्द आपण जाहिरातीत वाचतो ते यामुळेच.

मग टाका नसताना छेद बंद कसा राहतो? तो सरळ आरपार नसतो, तिरका असतो, एखाद्या झडपेसारखा. डोळ्याच्या आत जो दाब असतो, तोच ही झडप आतून दाबून धरतो. काही दिवसांत ती जागा भरून येते. पण तोवर बाहेरून डोळा चोळला किंवा दाबला, तर झडप क्षणभर उघडू शकते आणि बाहेरचं पाणी, त्यातले जंतू आत जाऊ शकतात.

'डोळा चोळू नका' या सूचनेचं कारण एवढंच आहे. रात्री बांधायची ती प्लॅस्टिकची वाटीही त्यासाठीच, कारण झोपेत हात कुठे जातोय ते कळत नाही. साधारण पहिला आठवडा ती रात्री आणि दुपारच्या झोपेतही लावायला सांगतात. घरी नातवंडं लहान असतील, तर ती मांडीवर चढून चष्म्यालाच हात घालतात, तेव्हा दिवसाही गॉगल किंवा साधा चष्मा डोळ्यावर असलेला बरा. काळ्या गॉगलने डोळा लवकर बरा वगैरे होत नाही. तो ऊन, धूळ आणि चुकून लागणारा हात यांच्यापासून वाचवतो. घरात, संध्याकाळी, दिवे मंद असताना तो घालून चालणं उलट धोक्याचं. या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं तर ते प्रकरण मोतीबिंदूपेक्षा मोठं होतं.

ड्रॉप: सगळ्यात जास्त चुका इथेच

कॅनडातल्या एका अभ्यासात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ड्रॉप वापरणाऱ्या ५४ रुग्णांना स्वतःच्या डोळ्यात ड्रॉप टाकायला सांगून त्याचं निरीक्षण केलं गेलं. त्यातल्या जवळपास ९३ टक्के लोकांच्या पद्धतीत काही ना काही चूक होती. कुणी हात धुतले नाहीत, कुणी बाटलीचं टोक डोळ्याला टेकवलं, आणि तिघांपैकी जवळपास एकाचा थेंब डोळ्यात पडलाच नाही. गंमत अशी की त्यातल्या बऱ्याच जणांना आपण व्यवस्थित टाकतोय असंच वाटत होतं.

तेव्हा 'औषध काय टाकायचंय त्यात' म्हणून हा भाग सोडून पुढे जाऊ नका.

बाटल्यांमध्ये साधारण तीन प्रकारची औषधं असतात. एक अँटिबायोटिक, संसर्ग होऊ नये म्हणून. दुसरं स्टेरॉइड, डोळ्याच्या आतली सूज उतरवण्यासाठी. तिसरं सूज आणि दुखणं कमी करणारं, पण स्टेरॉइड नसलेलं. काही डॉक्टर पहिली दोन एकाच बाटलीत देतात. अँटिबायोटिक सहसा आठवडा-दोन आठवड्यांत थांबतं. स्टेरॉइड मात्र हळूहळू कमी करत नेतात: पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा असेल, तर पुढच्या आठवड्यात पाच, मग चार, असं बऱ्याच ठिकाणी लिहून देतात. 'आता डोळा लाल नाही' म्हणून ते मध्येच बंद केलं, तर दबलेली सूज पुन्हा उसळू शकते.

टाकायची पद्धत अशी. आधी साबणाने हात धुवा. बाटलीतलं औषध दुधासारखं पांढरं असेल तर ती नीट हलवा, कारण औषध तळाशी बसलेलं असतं. न हलवता टाकलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं. पेशंटला आडवं झोपवा किंवा मान मागे टेकवून बसवा. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढा, की आत छोटा खळगा तयार होतो. बाटली वरून, डोळ्याला किंवा पापणीच्या केसांना न टेकवता धरा आणि एकच थेंब त्या खळग्यात सोडा. एकच. डोळ्यात एका थेंबाहून जास्त मावतच नाही, दुसरा गालावरून ओघळतो. मग डोळा अलगद मिटायचा, पिळल्यासारखा घट्ट नाही, आणि नाकाच्या बाजूचा कोपरा, जिथे चष्म्याची गादी टेकते, तिथे एक-दोन मिनिटं बोट ठेवायचं. तिथून अश्रूंची नळी नाकात आणि घशात जाते. ड्रॉप टाकल्यावर घशात कडू चव येते ती त्यामुळेच. बोट ठेवलं की औषध डोळ्यातच राहतं. फक्त दाब नाकाच्या हाडावर, डोळ्याच्या बुबुळावर नाही.

दोन वेगवेगळ्या ड्रॉपमध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या. पाठोपाठ टाकले तर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. दोन्ही डोळे पुसायला एकच रुमाल नको, आणि पदर तर अजिबात नको.

बाटल्या दिसायला एकसारख्या असतात ही खरी अडचण आहे. यावर एक सोपा उपाय: एका बाटलीला एक रबर बँड, दुसरीला दोन, तिसरीला तीन. कागदावर तसंच लिहून ठेवायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही हाताला लागून कळतं. आणि या बाटल्या कानाच्या औषधाजवळ, फ्रीजमधल्या इतर ड्रॉपजवळ किंवा गोंदाच्या ट्यूबजवळ ठेवू नका. डोळ्याचं औषध समजून झटपट चिकटणारा गोंद डोळ्यात टाकल्याच्या घटना जगभर नोंदवल्या गेल्या आहेत. हे वाचून हसू येतं, पण बाटलीचा आकार बघितला की हसू जातं.

घरात दुसरं कुणी नसेल तर? मुलं पुण्यात किंवा परदेशात, आई-वडील गावी, हे आता घरोघरचं चित्र. वेळेची आठवण फोन करून देता येते, पण थेंब पडला की नाही ते फोनवर कळत नाही. अशा वेळी ऑपरेशनच्या आधीच ठरवलेलं बरं की निदान पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ कोण येईल. शेजारच्या काकू, औषधाच्या दुकानातला ओळखीचा मुलगा, गावातल्या आशाताई. आणि डिस्चार्जच्या वेळी 'एकदा आमच्यासमोर टाकून दाखवा' असं नर्सला सांगायला लाजू नका.

बाटली संपली, पुन्हा आणू का?

नाही. निदान विचारल्याशिवाय नाही.

यावर स्वतंत्रपणे लिहायचं कारण असं की ही चूक लक्षात यायला महिने लागतात. स्टेरॉइडच्या ड्रॉपने डोळ्याला बरं वाटतं, लाली जाते. म्हणून काही जण कोर्स संपल्यावरही तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून बाटली आणत राहतात. पण स्टेरॉइड जास्त दिवस टाकलं तर काही लोकांच्या डोळ्याचा दाब वाढतो. दाब बरेच दिवस वाढलेला राहिला की डोळ्याच्या नसेला इजा होते, म्हणजे काचबिंदू होतो. मोतीबिंदूमुळे गेलेली नजर ऑपरेशनने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. नावं सारखी वाटली तरी या दोन आजारांत एवढा फरक आहे. घरात कुणाला आधीपासून काचबिंदू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि काचबिंदूचे चालू ड्रॉप परस्पर बंद करू नका.

एकदा उघडलेली बाटली साधारण महिनाभरानंतर फेकून द्यायची असते, तिच्यात औषध शिल्लक असलं तरी. एका डोळ्याची उरलेली बाटली दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जपून ठेवणं ही काटकसर नव्हे.

अंघोळ, फोडणी, गोठा आणि नमस्कार

गळ्याखालची अंघोळ दुसऱ्या दिवसापासून चालते. प्रश्न डोक्यावरून पाणी घेण्याचा. नळाचं, विहिरीचं, टाकीतलं पाणी आपल्याला स्वच्छ दिसतं, पण ते निर्जंतुक नसतं. म्हणून पहिले आठ-दहा दिवस, काही डॉक्टर पंधरा दिवस सांगतात, चेहऱ्यावर पाणी मारायचं नाही. ओल्या स्वच्छ कापडाने डोळा सोडून बाकीचा चेहरा पुसायचा. केस धुवायचेच असतील तर न्हाव्याच्या किंवा पार्लरच्या खुर्चीसारखं मान मागे करून, दुसऱ्या कुणाकडून. नदी, तलाव, पोहण्याचा तलाव यांपासून महिनाभर लांब. पंढरपूरला किंवा नाशिकला जाऊन स्नान करायचा बेत असेल तर ऑपरेशनची तारीख त्याप्रमाणे ठरवा, उलटं करू नका.

डोळ्याच्या कडांना चिकटा येतो, सकाळी पापण्या चिकटतात. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून, पिळून, नाकाकडून कानाकडे एकदा पुसायचं आणि तो कापूस टाकून द्यायचा. डोळ्याच्या आत कापूस घालायचा नाही.

स्वयंपाक? गॅसवर चहा करायला हरकत नाही. पण मिरचीची फोडणी, चुलीचा धूर, तळण, कुकरच्या वाफेवर झुकणं हे पहिले काही दिवस दुसऱ्या कुणी केलेलं बरं. धूर गेला की डोळा चुरचुरतो आणि हात आपोआप चोळायला जातो. खरा धोका तो.

ही सूचना ऐकायला सोपी आहे. घरातल्या बाईचं ऑपरेशन झालं की ती पाळणं मात्र अवघड होतं. पुरुषांना पंधरा दिवस आराम मिळतो, बायका तिसऱ्या दिवशी चुलीपुढे असतात. तेव्हा 'आईला आराम करायला सांगितलाय' एवढं ग्रुपवर टाकून भागत नाही. भाकऱ्या कोण करणार ते ठरवावं लागतं.

शेतात आणि गोठ्यात काम करणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. शेण, चारा, मळणीची धूळ, यांत असे जंतू आणि बुरशी असतात की डोळ्यात गेल्या तर बरं करणं अवघड. गाईच्या शेपटीचा फटकाही डोळ्यावर बसू शकतो. निदान दोन-तीन आठवडे गोठा दुसऱ्याकडे द्या, आणि मोठा छेद असलेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी काही दिवस.

वाकण्याबद्दल पूर्वी फार कडक नियम सांगितले जायचे. आता छेद लहान झाल्यामुळे बरेच सर्जन थोडे सैल झालेत. चप्पल घालायला वाकलं म्हणून लेन्स निसटत नाही. पण कमरेतून खाली डोकं करून बराच वेळ राहणं, पाण्याची कळशी किंवा गॅसचा सिलिंडर उचलणं, हे पहिला-दुसरा आठवडा नको. साष्टांग नमस्काराऐवजी उभ्याने हात जोडावेत. नमाज पढणारे बरेच जण सजद्याऐवजी खुर्चीत बसून, डोकं थोडंसं झुकवून नमाज अदा करतात, आणि वुजूच्या वेळी डोळ्यात पाणी जाणार नाही याची काळजी घेतात. बद्धकोष्ठ असेल तर औषध घ्या, जोर करू नका. खोकला फार असेल तर तोही डॉक्टरांना सांगा.

काजळ, सुरमा, गुलाबपाणी, मध, तूप, कुणीतरी आणून दिलेलं तीर्थ: यातलं काहीही डोळ्यात नको. हेतू कितीही चांगला असला तरी. आणि होळी-रंगपंचमी किंवा गुलाल उधळणाऱ्या मिरवणुका जवळ आल्या असतील तर खिडकीतून बघा.

आता ज्यांची काळजी करायची नाही त्या गोष्टी. टीव्ही, मोबाइल, वाचन यांनी ऑपरेशन केलेल्या डोळ्याला इजा होत नाही. डोळा थकला तर बंद करून बसा, एवढंच. जेवणाचं वेगळं पथ्य नाही. वांगं, आंबट, डाळ, भात, मासे, अंडी, जे नेहमी पचतं ते सगळं चालतं. 'आंबट खाल्लं की डोळ्यात पू होतो' ही समजूत खूप पसरलेली आहे, तिला आधार नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र साखर ताब्यात ठेवायलाच हवी. साखर वाढलेली असेल तर संसर्गाचा धोका वाढतो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सूज येण्याची शक्यताही. बीपी आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या चालू ठेवायच्या.

गाडी चालवण्याची घाई नको. एका डोळ्याला नवी नजर, दुसऱ्याला जुना नंबर, अशा वेळी अंतराचा अंदाज चुकतो. दुचाकीवर मागे बसतानाही डोळ्यांवर चष्मा हवाच.

कुठलं दुखणं नॉर्मल, कुठलं नाही?

लेखातला एकच भाग फॉरवर्ड करायचा असेल तर हा करा.

पहिले दोन-तीन दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, थोडी लाली असते, उजेड सहन होत नाही, थोडं धूसर दिसतं. हे चालतं. पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग दिसला तर तो भीतिदायक वाटतो, पण बहुधा काही दिवसांत विरून जातो. रंग अचानक उजळ, निळसर वाटतात. कारण पिवळसर झालेलं जुनं भिंग आता नाही. अनेक आज्या 'माझी पांढरी साडी खरंच एवढी पांढरी होती का' असं विचारतात. चित्रकार क्लोद मोने यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, तेव्हा त्यांनाही रंग वेगळे दिसू लागले होते आणि त्यांना त्याचा बराच त्रासही झाला होता. डोळ्याच्या कडेला प्रकाशाची रेघ किंवा सावली चमकल्यासारखी वाटणं हेही सुरुवातीला होतं. बहुतेकांना काही आठवड्यांत ते जाणवेनासं होतं.

लक्षात ठेवायची दिशा एकच: रोज थोडं थोडं बरं वाटलं पाहिजे. काल होतं त्यापेक्षा आज दुखणं जास्त, लाली जास्त किंवा दिसणं कमी झालं, तर काहीतरी बिघडतंय.

सगळ्यात घातक गुंतागुंत म्हणजे डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग. तो दुर्मीळ आहे, चांगल्या केंद्रांमध्ये हजार ऑपरेशनांत एखादा किंवा त्याहूनही कमी. पण तो बहुधा पहिल्या आठवड्यात डोकं वर काढतो, म्हणजे पहिल्या दिवशीची तपासणी छान झाल्यावर आणि सगळे निर्धास्त झाल्यावर. आधी चांगलं दिसत असतं, मग चौथ्या-पाचव्या दिवशी नजर झपाट्याने कमी होते, डोळा खूप लाल होतो, पापणी सुजते, ठणका लागतो. बुबुळामागे पांढरट थर दिसू शकतो. काहींना फारसं दुखतही नाही, फक्त दिसणं कमी होतं. म्हणून 'दुखत नाही ना, मग ठीक आहे' हा निकष पुरत नाही.

यावर उपचार आहे. डोळ्याच्या आत थेट अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात, गरज पडली तर आणखी एक ऑपरेशन करतात. पण इथे हिशेब तासांचा असतो. रात्री त्रास सुरू झाला तर 'सकाळी बघू' नको, शनिवारी झाला तर 'सोमवारी अपॉइंटमेंट आहेच' नको. घरी आणून ठेवलेली वेदनाशामक गोळी देऊन झोपवणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण गोळीने ठणका दबतो आणि एक रात्र हातची जाते. तिथले डॉक्टर भेटले नाहीत तर जवळच्या कुठल्याही नेत्ररुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या अपघात विभागात जा आणि पहिलं वाक्य हे सांगा: 'इतक्या दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि आता कमी दिसतंय.'

दुसरी धोक्याची खूण वेगळी आहे. डोळ्यासमोर अचानक खूप काळे ठिपके किंवा जाळी, अंधारातही वीज चमकल्यासारखं, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसणं. हा डोळ्याचा मागचा पडदा सुटण्याचा इशारा असू शकतो. तो ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही येऊ शकतो. ज्यांना तरुणपणापासून मायनसचा मोठा नंबर होता, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. यातही त्याच दिवशी डॉक्टर.

संसर्ग झाला की 'पथ्य पाळलं नसेल'?

नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारमधल्या मुजफ्फरपूरला एका शिबिरानंतर अनेकांना संसर्ग झाला आणि त्यातल्या कित्येकांचे डोळे काढावे लागले. अशा घटना देशात याआधीही झाल्या आहेत. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी ऑपरेशन झालेल्या अनेकांना संसर्ग होतो, तेव्हा कारण सहसा ऑपरेशन थिएटरमध्ये, उपकरणांत किंवा वापरलेल्या द्रावणांत सापडतं. इतक्या सगळ्यांनी एकाच वेळी पथ्य मोडलं असं होत नसतं.

हे सांगायचं कारण म्हणजे संसर्ग झालेल्या पेशंटला घरचे आणि कधी कधी दवाखान्यातले लोकही लगेच दोष देतात. 'डोक्यावरून पाणी घेतलं असेल', 'डोळा चोळला असेल'. बोलणी बसतील म्हणून काही वृद्ध दुखणं लपवतात आणि वेळ तिथेच जातो. तेव्हा आजोबांनी दुखतंय म्हटलं तर कारण नंतर शोधू, आधी गाडी काढा.

तपासणीला किती वेळा जायचं?

साधारण तीनदा: दुसऱ्या दिवशी, आठवड्याभराने आणि महिना-दीड महिन्याने. पहिल्या दोन भेटींत छेद, डोळ्याचा दाब, सूज आणि लेन्सची जागा बघतात. शेवटच्या भेटीत चष्म्याचा नंबर काढतात.

ही शेवटची भेट बरेच जण चुकवतात. 'दिसतंय की चांगलं' म्हणून. पण ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी काही जणांच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी सूज येते आणि आधी स्वच्छ दिसणारं पुन्हा धूसर होतं. मधुमेह्यांमध्ये हे जास्त. ते याच भेटीत पकडलं जातं आणि बहुतेकदा ड्रॉपने बरं होतं. शिबिरात ऑपरेशन झालं असेल तर फेरतपासणीची तारीख आणि जागा डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. गावाहून येण्याचा खर्च आडवा येत असेल तर आठवण म्हणून: महाराष्ट्रात ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना आणि सगळ्या महिलांना निम्मं तिकीट लागतं.

चष्म्याची घाई करू नये. पहिल्या आठवड्यात काढलेला नंबर महिन्याभरात बदलतो आणि पैसे वाया जातात. नेहमीची, एकाच अंतराची लेन्स बसवली असेल तर लांबचं छान दिसतं, पण पेपर वाचायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतोच. याचा अर्थ ऑपरेशन फसलं असा नाही.

कागदावर ६/६, ६/९, ६/१८ असं लिहिलेलं असतं. वरचा सहा म्हणजे तक्त्यापासूनचं सहा मीटर अंतर. ६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून वाचता येतं, ते या डोळ्याला ६ मीटरवरून वाचता येतंय. खालचा आकडा जितका लहान तितकं चांगलं. दर भेटीत हा आकडा विचारून लिहून ठेवा.

'मोतीबिंदू परत आलाय'

दोन-तीन वर्षांनी असं ऐकू येतं. मोतीबिंदू परत येत नाही, कारण तो ज्या भिंगात होता ते भिंगच आता डोळ्यात नाही. पण आपण सुरुवातीला बघितलेली त्या पिशवीची मागची बाजू काही जणांच्या डोळ्यात कालांतराने गढूळ होते. लक्षणं मोतीबिंदूसारखीच, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फाकणं, धूसर दिसणं. उपाय सोपा आहे. 'याग' नावाच्या लेझरने त्या पडद्याला मधोमध छोटी खिडकी पाडतात. सुई नाही, भूल म्हणून फक्त ड्रॉप, काही मिनिटांचं काम, आणि पेशंट त्याच दिवशी घरी. एकदा केलं की सहसा पुन्हा करावं लागत नाही. त्याआधी धूसरपणाचं कारण हेच आहे ना, की मागच्या पडद्याचं काही आहे, हे बाहुली मोठी करून तपासून घेतात.

दुसरा डोळा आणि ते छोटं कार्ड

दुसऱ्या डोळ्यालाही मोतीबिंदू असेल तर पहिला डोळा स्थिर झाल्यावर, बहुधा काही आठवड्यांनी, त्याचं ऑपरेशन करतात. मधल्या काळात दोन डोळ्यांच्या नंबरांत तफावत असते, जिना उतरताना पायरीचा अंदाज येत नाही. तेवढे दिवस हात धरायला कुणी असू द्या.

ऑपरेशननंतर एक छोटं कार्ड किंवा स्टिकर देतात. त्यावर कुठली लेन्स बसवली, तिची पॉवर किती, हे छापलेलं असतं. फाइल हरवते, हॉस्पिटल बंद होतं, शिबिर घेणारी संस्था गावातून निघून जाते. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी, किंवा पुढे काही त्रास झाला तर, नवीन डॉक्टर सगळ्यात आधी तेच मागतात. त्याचा स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि गॉगलचा फोटो टाकला होता त्याच फॅमिली ग्रुपवर टाकून ठेवा. पाच वर्षांनी तो कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये सापडेल.